ज्यांना नको त्यांनी बसू नये. पण मग कुठे बसावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत धर्माला जागा असावी की नसावी, हा वाद अधूनमधून पेटतो. दोन्ही बाजू दमल्या की तडजोडीचे एक वाक्य पुढे येते: ठेवा तास, ज्यांना नको त्यांनी बसू नये. तिथे वाद मिटतो आणि शाळेची डोकेदुखी सुरू होते. ते मूल त्या वेळी कुठे असेल, त्याच्याजवळ कोण असेल, त्याची हजेरी कधी लागेल आणि प्रगतिपुस्तकाच्या त्या रकान्यात काय छापले जाईल, हे कुणाला तरी ठरवावे लागते. हे पत्र तेवढ्यापुरतेच आहे. धर्म चांगला की वाईट, याबद्दल त्यात काही नाही.

आधी एक गल्लत काढून टाकू. शाळेत धर्म तीन वाटांनी येतो. एक उपासना: प्रार्थना, पठण, विधी. दुसरी धर्मशिक्षण, म्हणजे एका धर्माची शिकवण खरी धरून मुलांच्या गळी उतरवणे. तिसरी धर्मांविषयीचे शिक्षण, म्हणजे इतिहास-भूगोल शिकवतो तसे कोण काय मानते, कसे वागते, ते कुठून आले हे शिकवणे. पहिल्या दोन वाटांवर सूट हवीच. तिसरी प्रामाणिकपणे चालवली तर सूट लागत नाही आणि देऊही नये. शेजारी बसणारा मुलगा काय मानतो हे सगळ्यांनीच शिकायचे असते. अडचण अशी की तिसऱ्या वाटेवरचा धडा न कळत दुसरीवर घसरतो.

तो घसरला की नाही हे मराठीत एका सर्वनामावरून ओळखता येते. 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, 'आपण' त्याला हात धरून आत घेते. 'आपण उपवास का करतो?' हा प्रश्न वर्गातल्या प्रत्येक मुलाला उपवास करणाऱ्यांत बसवतो. 'या धर्माचे अनुयायी उपवास का करतात?' या प्रश्नाचे उत्तर उपवास न करणारे मूलही निर्धास्तपणे लिहू शकते. दुसरी खूण क्रियापदाची. धड्यावर पेन्सिल घेऊन बसावे आणि प्रत्येक विधानाच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढावी. एका धर्माच्या परिच्छेदात 'असे मानतात', 'अशी श्रद्धा आहे' आणि दुसऱ्याच्या परिच्छेदात सरळ 'आहे', 'झाले', 'होते' असे दिसले, तर लेखकाने कुणाला सत्य ठरवले आणि कुणाला समजूत, हे रेघाच सांगतात. सगळीकडे 'मानतात' लिहिले की वाचन रटाळ होते, हे खरे. त्यावर उपाय धड्याच्या सुरुवातीलाच 'पुढे दिले आहे ते त्या त्या धर्माचे लोक काय मानतात ते' अशी एक चौकट द्यायची आणि पुढे सर्वांना एकच क्रियापद वापरायचे. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण छापण्याआधी कुणी करत नाही.

आता सूट कशी द्यायची याबद्दल. सूट देण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकीत मूल आधीच आत धरलेले असते, पालकाने कळवले तर बाहेर. दुसरीत मूल बाहेर असते, पालकाने होकार दिला तरच आत. इंग्लंडने १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यात पहिली धरली, भारताच्या संविधानाने दुसरी. अनुच्छेद २८ च्या पहिल्या खंडानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देताच येत नाही. अपवाद फक्त राज्य चालवत असलेल्या पण धर्मशिक्षणाची अट असलेल्या दाननिधीतून किंवा न्यासातून उभ्या राहिलेल्या संस्थांचा. तिसऱ्या खंडानुसार सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो वयाने अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. ही उपासना इमारतीत असो की तिला जोडून असलेल्या जागेत. म्हणून 'आजवर एकाही पालकाने तक्रार केली नाही' हे उत्तर इंग्लंडमध्ये कदाचित चालून जाईल. भारतात ते गैरलागू आहे, कारण प्रश्न तक्रारीचा नसून होकार कुठे नोंदवला आहे याचा आहे.

पहिली पद्धत कागदावर निरुपद्रवी दिसते. ती प्रत्यक्षात कशी मोडते हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६३ मध्ये आलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या प्रकरणात फार स्पष्ट दिसते. तिथे रोज सकाळी बायबलची दहा वचने, कसलेही भाष्य न करता, वाचण्याचा कायदा होता आणि पालकाच्या चिठ्ठीवर मुलाला सूटही होती. तरीही दावा लावणाऱ्या कुटुंबातल्या वडिलांनी चिठ्ठी दिली नाही. कारणे त्यांनी साक्षीत सांगितली. मुलांवर विक्षिप्तपणाचा शिक्का बसेल. वाचन चालू असताना त्यांना वर्गाबाहेर बोळात उभे राहावे लागेल, आणि बोळात उभे राहणे ही तर खोडकर मुलांची शिक्षा. शिवाय वाचन संपताच दिवसाच्या सूचना दिल्या जात, त्याही चुकतील. या तिन्हींतल्या एकाही गोष्टीचा ईश्वराशी संबंध नाही. तिन्ही वेळापत्रकाच्या चुका आहेत. न्यायालयाने ते सक्तीचे वाचन घटनाबाह्य ठरवले, पण धर्मग्रंथांचा वस्तुनिष्ठ अभ्यास चालतो असेही त्याच निकालात सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने स्वतः रचलेली प्रार्थना अशीच बाद झाली होती. मूळ इंग्रजीत ती अवघी २२ शब्दांची, कोणत्याही एका पंथाची नसलेली, ऐच्छिक. सरकारने प्रार्थना रचणे हेच मुळात चूक ठरले, मग ती कितीही गुळमुळीत असो.

परिपाठ हाच बहुतेक भांडणांचा उगम, म्हणून त्यावर थोडे थांबतो. प्रार्थना तीन मिनिटांची, मग एवढा बाऊ कशाला, असे म्हणतात. वर्षाचे २०० दिवस धरले तर तीन मिनिटांचे ६०० मिनिटे होतात, म्हणजे ४० मिनिटांच्या १५ तासिका. वर्षाला १५ तासिकांचा विषय कुणी 'किरकोळ' म्हणत नाही. इंग्लंडच्या १८७० च्या कायद्याने यावर साधी युक्ती काढली होती: धार्मिक भाग सत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी, मध्ये कधीही नाही. मध्ये ठेवला की मुलाला उठून जावे लागते आणि परत येऊन बसावे लागते. दोन्ही वेळा सगळा वर्ग बघतो. सुरुवातीला ठेवला तर त्याला फक्त काही मिनिटे उशिरा यायचे असते.

पण इथेही एक मेख आहे. उशिरा येणाऱ्यांची फाटकाशी वेगळी रांग असते, त्यांची नावे लिहिली जातात, कधी ओरडा बसतो. सूट असलेले मूल नेमके त्याच रांगेत सापडते. म्हणून त्याची हजेरी प्रार्थनेनंतर लागली पाहिजे, त्याला येण्याची वेळ लेखी दिलेली असली पाहिजे आणि फाटकावरच्या माणसाला ते माहीत असले पाहिजे. परिपाठाचा क्रम असा ठेवावा: आधी प्रार्थना, मग तीन मिनिटांचा मोकळा वेळ, मग बाकीची मुले आत, त्यानंतर सूचना, बातम्या, वाढदिवस, बक्षिसे, हजेरी. बक्षीस समारंभ प्रार्थनेच्या आधी उरकला तर सूट घेणाऱ्या मुलाचे नाव पुकारले जाते आणि ते तिथे नसते. आणखी एक बारकावा: प्रार्थना ध्वनिक्षेपकावरून सर्व वर्गांत ऐकवली जात असेल तर बाहेर जायला जागाच उरत नाही. एका खोलीचा ध्वनिक्षेपक बंद ठेवता येईल अशी कळ असावी. काम तारतंत्र्याचे आहे, तत्त्वज्ञाचे नाही.

'तिथेच उभे राहा, फक्त म्हणू नका' हा पर्याय सगळ्यांना सोपा वाटतो. काही ठिकाणी तो पुरतोही. केरळमधल्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गाता आदराने उभे राहिल्याबद्दल शाळेतून काढले, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले; आदराने उभे राहिले तर गप्प राहणे हा अपमान होत नाही, हा त्या निकालाचा आधार. पण तो राष्ट्रगीताचा प्रश्न होता. उपासनेत नुसते हजर राहणे हाच अनेकांसाठी सहभाग असतो, आणि अनुच्छेद २८ मध्येही शब्द 'हजर राहणे' असा आहे. नॉर्वेने १९९७ मध्ये ख्रिस्ती धर्म, इतर धर्म आणि नीतिविचार यांचा एकच सक्तीचा विषय केला. त्यात पूर्ण सूट नव्हती. स्तोत्र किंवा प्रार्थना आली की मुलाने निरीक्षण करायचे, भाग घ्यायचा नाही, अशी सोय होती. कोणता भाग आपल्या श्रद्धेला धरून नाही हे पालकांनी पाठ्यक्रम चाळून कळवायचे होते. २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ विरुद्ध ८ अशा निसटत्या बहुमताने हे अपुरे ठरवले. सूट मागताना पालकाला आपल्या मनातले उघडे करावे लागते, हा त्यातला मुख्य आक्षेप. त्याच वर्षी तुर्कस्तानविरुद्धच्या निकालातही हेच आले: तिथे ख्रिस्ती आणि ज्यू मुलांना सूट होती, म्हणजे ती मिळवायला आपला धर्म जाहीर करणे भाग होते.

यावरून अर्ज कसा नसावा हे कळते. त्यात कारणाचा रकाना नको, धर्माचा नको, जातीचा तर नकोच. तीन ओळी पुरतात: मुलाचे नाव व तुकडी, 'अमुक वार, अमुक तासिका या वेळच्या धर्मशिक्षणाला बसण्यास माझी संमती आहे / नाही', सही व तारीख. उपासनेसाठी वेगळी ओळ हवी, कारण कुणाला तास चालतो पण प्रार्थना चालत नाही. हा कागद प्रवेशअर्जाच्या गठ्ठ्यात घालू नये. प्रवेशाच्या दिवशी पालक फुली मारलेल्या जागी सह्या करत सुटतो. जागा मिळते की नाही या धास्तीत दिलेली सही ही संमती नव्हे. प्रवेश निश्चित झाल्यावर, पावती हातात पडल्यावर, निदान आठवडाभराने कागद द्यावा. तो परत आला नाही तर अर्थ 'नाही' असा धरावा. दरवर्षी नवा घ्यावा आणि वर्षाच्या मध्यात बदलण्याची मुभा ठेवावी. कागद कार्यालयात राहावा, वर्गशिक्षकाकडे फक्त नावांची यादी जावी. 'कोणकोण बसणार नाही, हात वर करा' हे वाक्य वर्गात उच्चारले गेले की वरची सगळी काळजी मातीत गेली.

सही कुणाची, हाही प्रश्न आहे. जर्मनीत १९२१ च्या कायद्याने चौदाव्या वर्षी मूल आपला धर्म स्वतः ठरवते, आणि बारा पूर्ण झाल्यावर त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला दुसऱ्या धर्माच्या शिक्षणात घालता येत नाही. भारतात अज्ञानाच्या वतीने पालकच सही करतो. कायदा बदलण्याची वाट न पाहता शाळेला एवढे करता येते: आठवीपासून पुढे कागदावर मुलाच्या सहीची दुसरी ओळ ठेवावी. दोन सह्या जुळल्या नाहीत तर मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावून बोलावे. कागदावर ती ओळ नसेल तर हा मतभेद तासाच्या वेळी वर्गात उगवतो.

आता ज्यांनी बसायचे नाही ते कुठे. तुकडीच्या मागच्या बाकावर 'तू तुझे काहीतरी वाच' हे सर्वांत वाईट, कारण ते मूल तास ऐकतेच. 'ग्रंथालयात पाठवा' हे तिथे माणूस असेल तर ठीक. बऱ्याच ठिकाणी ग्रंथालय म्हणजे कुलूप. आकडेमोड अशी करावी. समजा दहा तुकड्या आहेत आणि प्रत्येकीत तीन मुले सूट घेतात. दहाही तुकड्यांचा तास वेगवेगळ्या वेळी ठेवला तर दर वेळी तीन मुलांसाठी एक शिक्षक, म्हणजे आठवड्याला दहा बदली तास. हे पहिल्या महिन्यातच कोलमडते. सगळ्यांचा एकाच वेळी ठेवला तर तीसही मुले एका खोलीत, एक शिक्षक, एक तास. पण धर्म शिकवायला एकाच वेळी दहा शिक्षक हवेत. मधला मार्ग जोड्यांचा: एका इयत्तेच्या दोन तुकड्या एकत्र, सहा मुले, आठवड्याला पाच तास.  ज्या शाळेला हे पाच तास काढता येत नाहीत तिने धर्माचा तास ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संमतीचा पर्याय परवडत नसेल तर तासही परवडत नाही.

त्या खोलीत करायचे काय? खेळ दिला तर सगळा वर्ग सूट मागेल. गणिताची उजळणी घेतली तर बसणाऱ्यांचे पालक भांडायला येतील, आणि त्यांचे खरेच असेल. झाडलोट किंवा शुद्धलेखनाची पाने दिली तर ती शिक्षा झाली. दुसऱ्या खोलीतल्या तासाइतक्याच वजनाचा, स्वतःची वही आणि वर्षाचा आराखडा असलेला विषय हवा: नीतिविचार, वादविवाद, वाचन. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत धर्माला पर्याय म्हणून नीतिशास्त्र असते ते याचसाठी. पर्यायी कामाचा विचारच न करणे किती महागात पडते ते जपानमधल्या कोबे इथल्या तंत्रविद्यालयाने अनुभवले. सक्तीच्या केंदो या तलवारविद्येचा सराव श्रद्धेमुळे नाकारणाऱ्या विद्यार्थ्याने त्याऐवजी टिपणे लिहून देण्याची तयारी दाखवली होती. संस्थेने ती घेतली नाहीत, त्याला नापास केले आणि शेवटी काढून टाकले. १९९६ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली, कारण पर्यायी कामाची शक्यता गंभीरपणे तपासलीच नव्हती.

गुणपत्रकाचा धोका सर्वांत उशिरा लक्षात येतो. पोलंडमध्ये 'धर्म/नीतिशास्त्र' असा एकच रकाना होता. नीतिशास्त्राचा तास पुरेशी मुले नाहीत म्हणून सुरूच झाला नाही, तेव्हा धर्माच्या तासाला न बसलेल्या मुलाच्या गुणपत्रकात त्या जागी वर्षानुवर्षे एक आडवी रेघ छापली गेली. पुढे या विषयाचे गुण सरासरीतही धरू लागले. कॅथलिकांची बहुसंख्या असलेल्या देशात ती रेघ वाचणाऱ्याला सगळे सांगून जाई. २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या रेघेलाच भेदभाव ठरवले. संगणकावर गुणपत्रक काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: जो विषय सर्वांना नाही त्याचा रकानाच मूळ तक्त्यात नको. वेगळी पुरवणी द्यावी आणि बेरजेत काही धरू नये.

मौनाबद्दल थोडेसे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने दिवसाचे काम काही मिनिटांच्या मौनचिंतनाने सुरू करावे असे सुचवले होते. ते चालते, पण त्यात काय करायचे हे कुणी सांगितले नाही तोवरच. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचा एक मिनिट शांततेचा कायदा होता. त्यात नंतर 'किंवा स्वेच्छेने प्रार्थना' असे शब्द घातले आणि त्या शब्दांनीच तो १९८५ मध्ये बुडाला.

शिक्षकाला सूट, हा मुद्दा तर चर्चेत कधी येतच नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्याचा अनुच्छेद ७ सांगतो की कोणत्याही शिक्षकाला त्याच्या इच्छेविरुद्ध धर्म शिकवायला लावता येणार नाही. इतरत्र तो तास ज्याचा तासिकाभार कमी त्याच्या गळ्यात पडतो. न पटणारे शिकवणारा शिक्षक एक तर कुत्सितपणे शिकवतो किंवा वाचून दाखवतो, आणि दोन्हींत त्या धर्माचेच नुकसान होते. संमतीचा कागद शिक्षकांसाठीही काढावा.

राहिले धर्मांविषयीचे शिक्षण. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'धर्मशिक्षण' आणि 'धर्मांविषयीचे शिक्षण' हा भेद स्वच्छ मांडला आणि प्रमुख धर्मांची निवडक माहिती नागरिकशास्त्राचा किंवा सामान्य शिक्षणाचा भाग म्हणून द्यावी असे सांगितले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानकांचे जीवन व शिकवण यांचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे असे म्हटले, आणि २००२ मध्ये धर्मांविषयीच्या अभ्यासाला अनुच्छेद २८ ची आडकाठी नाही असा निर्वाळा दिला. तेव्हा कायद्याची भीती पुढे करून हा विषय टाळण्यात अर्थ नाही. धडे फसतात ते वेगळ्या कारणांनी. प्रत्येक धर्माला एक पान, एक चित्र, एक सण, एक संस्थापक अशा साच्यात घातले की ज्या धर्माला संस्थापक नाही तो अपुरा दिसतो आणि ज्याचे चित्र काढणे निषिद्ध तो दुखावतो. प्रत्येक धर्मातले पंथभेद गाळले की त्या धर्मातलीच अर्धी मुले 'आमच्याकडे असे नसते' म्हणतात. न मानणाऱ्यांचा उल्लेखच नसतो. आणि शिक्षक वर्गातल्या त्या धर्माच्या एकुलत्या मुलाकडे वळून 'सांग बरं तुमच्यात कसं असतं' असे विचारतो, तेव्हा दहा वर्षांच्या पोरावर अख्ख्या धर्माच्या प्रवक्त्याचे काम येऊन पडते. धड्याचा कच्चा खर्डा त्या त्या धर्माच्या दोन वेगळ्या पंथांतल्या जाणकारांना दाखवावा. वस्तुस्थितीच्या चुका त्यांनी काढाव्यात, इतिहासातला नको असलेला भाग वगळण्याचा अधिकार मात्र देऊ नये. प्रार्थनास्थळाची भेट ठेवली तर आत जाऊन बघणे आणि आत जाऊन काही करणे यांतली सीमा आधीच्या दिवशी वर्गात सांगावी. तिथे गेल्यावर यजमान आग्रह करतात आणि शिक्षकाला नाही म्हणवत नाही.

१८७० च्या त्या कायद्यात आणखी एक अट होती. धार्मिक तासाची वेळ वेळापत्रकात लिहायची आणि तो कागद प्रत्येक वर्गखोलीत ठळकपणे, कायमचा लावून ठेवायचा. मी त्यात एक रकाना वाढवेन. धर्माच्या तासासमोर जसा वार, वेळ आणि शिक्षकाचे नाव असते, तसेच त्याच ओळीत, त्याच टाइपात, न बसणाऱ्यांसाठी: खोली क्रमांक, विषय, शिक्षकाचे नाव. शाळेची योजना छापायला आपल्याकडे आली की हा रकाना भरला आहे का, एवढे आपल्या वार्ताहरांनी विचारावे.

आपला,
एक वाचक